पुण्याचा शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, तो बंद का झाला? आणि त्यामुळे नेमकं काय गेलं?

कारण ध्वनिप्रदूषण नियम, 2000. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावता येत नाही; सणसमारंभांसाठी राज्य सरकार सूट देतं ती जास्तीत जास्त 12 वाजेपर्यंत, तीही वर्षातून 15 दिवसच.

गायक रामभाऊ कुंदगोळकर म्हणजेच सवाई गंधर्व 1952 साली गेले. शिष्य भीमसेन जोशींनी 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. 2011 मध्ये भीमसेनजी गेल्यावर त्यांचंही नाव त्याला जोडलं गेलं. अनेक वर्षं तो रमणबागेच्या मैदानावर भरत असे. आता मुकुंदनगरला भरतो.

गेलं ते मुख्यतः रागांचं घड्याळ, म्हणजे प्रत्येक राग त्याच्या ठरलेल्या प्रहरी ऐकणं. मध्यरात्रीचा मालकंस, पहाटेचा ललित, मग भटियार, हे सगळं आपापल्या वेळी एकाच बैठकीत ऐकायला मिळायचं. आता सत्रं दुपारी सुरू होतात, म्हणून मुलतानी, पटदीप, मारवा हे दुपार-संध्याकाळचे राग जास्त कानावर पडतात. हेही राग मोठेच. पण पहाटेच्या ललितला पर्याय नाही.

डिसेंबरच्या उघड्या मांडवातला एक त्रास मात्र अजून तसाच आहे. दव पडलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते आणि सूर उतरतो. मग वादक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या चामडी गोठावर, हातोडीने ठोकून तो चढवतो. तंबोरेही पुन्हा लावावे लागतात. दोन गाण्यांमधला तो वेळ वाया गेला असं समजू नका. भारतीय बैठकीत बसणार असाल तर शाल आणि जाड सतरंजी न्याच.