ओहतानी पहिला की बेट्स? लीडऑफच्या जागेचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेसबॉलच्या लॉस एंजेलिस डॉजर्स संघातल्या शोहेई ओहतानीसारखा ५०-५५ होमरन (बॅटर आणि बेसवरचे सगळे घरी येतात असा, बहुधा मैदानाबाहेर गेलेला फटका) मारणारा माणूस बॅटिंगच्या क्रमात पहिला, म्हणजे लीडऑफ, आला की त्याच्यापुढे बेसवर कोणीच नसतं, त्यामुळे त्याचे होमरन एकेका रनचे होतात. त्यापेक्षा डॉजर्सने त्याचा साथीदार मुकी बेट्सला पहिला आणि ओहतानीला तिसरा किंवा चौथा खेळवावं. बेट्सही नको असेल तर एखादा चपळ, बेस चोरणारा (फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे पळणारा) खेळाडू पहिला हवा.

माझं उत्तर: ओहतानी पहिला, बेट्स दुसरा, त्यांचा साथीदार फ्रेडी फ्रीमन तिसरा. २०२४ च्या जूनपासून मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने बहुतेक वेळा हाच क्रम ठेवला आणि तो बरोबर आहे. सुरुवात मात्र योगायोगाने झाली. त्या मोसमाच्या आरंभी बेट्स पहिला आणि ओहतानी दुसरा खेळत होता. १६ जूनला पिच (पिचरने टाकलेला चेंडू) लागून बेट्सचं डाव्या हाताचं हाड मोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून ओहतानी पहिला आला. ऑगस्टमध्ये बेट्स परतला तो दुसऱ्या क्रमांकावर.

आधी टर्न, म्हणजे बॅटिंगच्या पाळ्या, मोजू, कारण बाकीचा सगळा वाद त्यावर उभा आहे. मॅच नऊपैकी कुठल्याही बॅटरवर संपू शकते. प्रत्येकावर संपण्याची शक्यता साधारण सारखी धरली, तर वरच्या जागेला लगेच खालच्या जागेपेक्षा दर मॅचमागे एक नवमांश टर्न जास्त मिळतो. मोसमात १६२ मॅच. १६२ भागिले ९ म्हणजे १८. एक जागा वर सरकलं की वर्षाला १८ टर्न जास्त. ओहतानीला चौथ्यावरून पहिल्यावर आणलं तर ५४ टर्न वाढतात, आणि तेवढेच टर्न त्याच्याहून कमी ताकदीच्या बॅटर्सकडून काढून घेतलेले असतात. शिवाय हे वाढीव टर्न मॅचच्या शेवटी येतात. आठव्या-नवव्या इनिंगमध्ये एका रनाने मागे असताना पाचव्यांदा कोण उभा राहणार, हे त्यातून ठरतं.

क्रिकेटमध्ये आपण हे पाहिलेलं आहे. २७ मार्च १९९४ ला ऑकलंडला सचिन वनडेत पहिल्यांदा सलामीला आला आणि ४९ चेंडूंत ८२ करून गेला. त्याच्या ४९ वनडे शतकांपैकी ४५ सलामीला येऊन झाली. सर्वांत चांगल्या फलंदाजाला जास्तीत जास्त चेंडू मिळावेत, इतकं साधं ते गणित होतं. फरक एवढाच, की बेसबॉलमध्ये नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. म्हणून ‘सलामी’ हा शब्द तिथे पहिल्या इनिंगपुरताच खरा.

आता तुमचा मुख्य आक्षेप, रिकाम्या बेसचा. लीडऑफ बॅटर बेस रिकामे असताना येणार याची खात्री मॅचमध्ये एकदाच असते, म्हणजे वर्षाला १६२ वेळा. ओहतानीने २०२४ मध्ये ७३१ टर्न घेतले. पहिल्या टर्ननंतर त्याच्यापुढे कोण उभं असेल हे आठवा आणि नववा बॅटर ठरवतात. २०२१ पर्यंत (२०२० चा अपवाद सोडून) नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन लीगपैकी डॉजर्सच्या लीगमध्ये, पिचर स्वतः बॅटिंग करायचे, बहुधा नवव्या जागेवर, आणि लीडऑफ बॅटर जवळजवळ आउट झालेल्या माणसाच्या मागे यायचा. तेव्हा तुमचा आक्षेप बराच वजनदार होता. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी डीएच, म्हणजे फक्त बॅटिंगसाठी नेमलेला खेळाडू, बॅटिंग करतो, म्हणून नवव्या जागीही खरा बॅटर असतो.

तिसरी जागा तर लोक समजतात तितकी चांगली नाही. पहिले दोन बॅटर सरासरी ०.३३० वेळा बेसवर पोहोचत असतील, तर दोघेही आउट होण्याची शक्यता ०.६७ गुणिले ०.६७, म्हणजे ०.४५. पहिल्या इनिंगमध्ये शंभरातल्या पंचेचाळीस वेळा तिसरा बॅटर दोन आउट आणि रिकामे बेस अशा अवस्थेत येतो. तिथे वॉक (चार चुकीच्या पिचमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला तरी हाती फारसं लागत नाही. चौथा खरोखर बरा: पहिल्या इनिंगमध्ये त्याचा टर्न आला याचा अर्थ आधीच्या तिघांपैकी किमान एक जण बेसवर पोहोचलाच होता. म्हणून चांगल्या बॅटर्सची उतरंड लावायची तर पहिला, दुसरा आणि चौथा या जागा आधी भरा, मग तिसरा आणि पाचवा.

वॉकची किंमत जागेप्रमाणे किती बदलते हे आकड्यांत पाहिलं की लीडऑफचं काम काय ते स्पष्ट होतं. मेजर लीगमध्ये इनिंग सुरू होताना त्या इनिंगमध्ये सरासरी अर्धा रन अपेक्षित असतो. पहिला बॅटर पहिल्या बेसवर पोहोचला की ही अपेक्षा ०.९ च्या आसपास जाते. तो आउट झाला तर पाव रनापर्यंत खाली येते. दोन्हींतलं अंतर साधारण ०.६५. दोन आउट असताना रिकाम्या बेसवर वॉक आणि आउट यांतलं हेच अंतर ०.२२ च्या आसपास. त्यामुळे वरच्या जागांसाठी बेसवर पोहोचण्याचं प्रमाण, म्हणजे ओबीपी, सगळ्यांत आधी बघायचं. ओबीपी काढायची रीत: हिट, वॉक आणि अंगावर पिच लागून मिळालेले बेस यांची बेरीज करा आणि तिला अ‍ॅटबॅट (वॉक, अंगावर लागलेल्या पिच आणि सॅक्रिफाइस सोडून उरलेले टर्न), वॉक, अंगावर लागलेल्या पिच आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही साथीदाराला रन काढू देणारा फटका) यांच्या बेरजेने भागा. सॅक्रिफाइस बंट (स्वतः आउट होऊन साथीदाराला पुढे सरकवणारा हलका फटका) यात धरत नाहीत.

बॅटिंग सरासरी पाहून लीडऑफ निवडणं ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. २०२४ मध्ये सॅन डिएगोचा लुइस अराएझ ०.३१४ च्या सरासरीने नॅशनल लीगचा बॅटिंग चॅम्पियन झाला. पण वॉक अवघे २४, म्हणून ओबीपी ०.३४६ वर अडकला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचा काइल श्वारबर ०.२४८ च्या सरासरीवर होता, वॉक मात्र १०६ आणि ओबीपी ०.३६६. म्हणजे लीडऑफचं काम जड, संथ, भरपूर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) होणाऱ्या श्वारबरने बॅटिंग चॅम्पियनपेक्षा जास्त वेळा केलं. शिवाय त्याने पहिल्याच टर्नमध्ये १५ होमरन मारले आणि अल्फोन्सो सोरियानोचा २००३ चा १३ चा विक्रम मोडला. २०२३ मध्ये तर तो ०.१९७ वर होता, तरी १२६ वॉकमुळे ओबीपी ०.३४३ राहिला.

याच श्वारबरला २०१७ मध्ये शिकागो कब्जने लीडऑफ केलं होतं. ०.१७१ च्या सरासरीवर असताना जूनमध्ये त्याला ट्रिपल-ए मध्ये (मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीवर) पाठवावं लागलं, आणि ‘असे लोक पहिले चालत नाहीत’ हा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो चुकीचा होता. त्या वर्षी त्याचा फॉर्म गेला होता. पुढे फिलाडेल्फियात त्याने त्याच जागेवर काय केलं ते वर दिलंच आहे. मोसमाच्या पहिल्या पन्नास-साठ मॅच पाहून जागेवर खापर फोडू नका. किमान दोन मोसमांचा ओबीपी घ्या.

आता वेग. वेग हवाच, पण महत्त्वाने खालचा गुण म्हणून. कोणी आउट नसताना पहिल्या बेसवरून दुसरा चोरला तर अपेक्षित रन साधारण ०.२ ने वाढतात; पकडला गेला तर ०.६ ने घटतात. एक पकड तीन चोऱ्या खाते. म्हणून ७५ टक्क्यांच्या खाली यश असणाऱ्याची चपळाई संघाला तोट्यात नेते. आणि मागे होमरन मारणारे असतील तर ही मर्यादा आणखी वर सरकते, कारण पहिल्या बेसवरचा माणूसही होमरनवर घरी येणारच असतो.

रिकी हेंडरसनचं उदाहरण सगळे देतात आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी देतात. १९८२ मध्ये त्याने १३० बेस चोरले, आधुनिक काळातला हा विक्रम अजून उभा आहे, पण ४२ वेळा पकडलाही गेला. वरच्या दराने १३० चोऱ्यांचे २६ रन मिळवले आणि ४२ पकडींत २५ गमावले: हाती जेमतेम एक रन उरला. त्या वर्षी त्याचं खरं काम होतं ११६ वॉक. सरासरी ०.२६७ असताना ओबीपी ०.३९८. संपूर्ण कारकिर्दीत १,४०६ चोऱ्या आणि त्यांहून मोलाचे २,१९० वॉक, म्हणून २,२९५ रन. उलट व्हिन्स कोलमन पाहा. १९८६ मध्ये १०७ बेस चोरले, पण ओबीपी ०.३०१. पहिल्या बेसवर पोहोचलाच नाही तर दुसरा चोरणार कुठून?

२०२३ पासून बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले आणि पिचरने रबरवरून (पिच टाकायच्या पट्टीवरून) पाय काढण्यावर मर्यादा आली, म्हणून चोरी सोपी झाली आहे. लीगचं यशाचं प्रमाण त्या वर्षी ८० टक्क्यांपर्यंत गेलं. त्यामुळे सरासरी धावणाऱ्यालाही थोडा फायदा उरतो. पण ओहतानीच्या बाबतीत हा वादच उरत नाही: २०२४ मध्ये ५९ चोऱ्या आणि फक्त ४ पकडी. तुम्हाला हवा असलेला चपळ माणूस तोच आहे. त्याच मोसमात त्याचे ५४ होमरन, ओबीपी ०.३९० आणि १३० आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगमुळे आलेले रन. पहिल्या क्रमांकावर आल्यामुळे त्याच्या आरबीआयचा दुष्काळ पडला असं काही दिसत नाही.

बेट्सची बाजू लंगडी नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२३ मध्ये त्याने लीडऑफ म्हणून चार्ली ब्लॅकमनचा १०३ आरबीआयचा विक्रम मोडला, ओबीपी ०.४०८, होमरन ३९. ओबीपी सारखा असेल तर ज्याच्या हातात होमरन कमी तो पहिला, हा नियम बरोबर आहे आणि त्या नियमाने बेट्सच पहिला ठरतो. माझं मत तरीही ओहतानीकडे झुकतं ते डाव्या-उजव्या हातामुळे. ओहतानी आणि फ्रीमन दोघे डावखुरे, बेट्स उजवा. बेट्स-ओहतानी-फ्रीमन असा क्रम लावला की दोन डावखुरे लागोपाठ येतात, आणि प्रतिस्पर्धी सातव्या-आठव्या इनिंगमध्ये नेमका तिथे डावखुऱ्या बॅटर्सना जड जाणारा डावखुरा रिलीव्हर (बदली पिचर) आणतो. ओहतानी-बेट्स-फ्रीमन क्रमात त्या रिलीव्हरला मध्ये बेट्सला सामोरं जावंच लागतं, कारण २०२० पासून रिलीव्हरने किमान तीन बॅटर खेळवायचे किंवा इनिंग संपवायची असा नियम आहे. बेट्सचे स्ट्राइकआउट कमी असतात, ही दुसरी गोष्ट. पुढे ओहतानी बेसवर असताना चेंडू खेळात ठेवणारा माणूस मागे हवा.

मागे कोण आहे याचं महत्त्व २०२५ च्या वर्ल्ड सीरीजच्या तिसऱ्या मॅचने दाखवलं. १८ इनिंगच्या त्या मॅचमध्ये ओहतानी नऊ वेळा बेसवर पोहोचला: दोन होमरन, दोन डबल आणि पाच वॉक, त्यांतले चार टोरंटोने मुद्दाम दिलेले. मागचे लोक थंड असतील तर प्रतिस्पर्धी त्याला पिचच देत नाही. पण हा तोटा पहिल्या जागेवर सगळ्यांत कमी होतो: इनिंगच्या आरंभी मुद्दाम वॉक देणं म्हणजे ०.४ रनांची भेट. दोन आउटनंतर तिसऱ्या क्रमांकावर हीच युक्ती खूप स्वस्त पडते.

माझ्या मते खरी अडचण एकच आहे, आणि ती तुमच्या प्रश्नात नव्हती. ओहतानी जून २०२५ पासून पुन्हा पिच करतो. घरच्या मैदानावर यजमान नंतर बॅटिंग करतात, म्हणून त्याला इनिंगचा वरचा अर्धा टाकून लगेच हेल्मेट, ग्लोव्ह, एल्बो गार्ड चढवून पहिलाच बॅटर म्हणून उभं राहावं लागतं. सराव-स्विंगलाही वेळ पुरत नाही. बाहेरच्या मैदानावर हा प्रश्न नाही, तिथे आधी बॅटिंग. त्या जुलैमध्ये काही दिवस रॉबर्ट्सने बेट्सला पुन्हा पहिला केलं होतं, पण बेट्सचा सूर हरवला होता हे त्यामागचं कारण. पिचिंगच्या दिवशी घरच्या मॅचला ओहतानी दुसरा खेळला तर मी हरकत घेणार नाही: एका बॅटरएवढा श्वास मिळतो आणि तोटा फक्त एक नवमांश टर्नचा. मात्र हे सक्तीचं नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला मिलवॉकीविरुद्ध नॅशनल लीग चॅम्पियनशिपच्या चौथ्या मॅचमध्ये त्याने घरच्या मैदानावर पहिल्या बॅटरला वॉक दिला, पुढच्या तिघांना स्ट्राइकआउट केलं आणि लगेच खालच्या अर्ध्यात पहिल्याच टर्नला होमरन मारला. त्या रात्री एकूण तीन होमरन आणि दहा स्ट्राइकआउट.

आता तो चपळ, ०.३२० ओबीपीचा, होमरन न मारणारा खेळाडू कुठे घालायचा? नवव्या जागेवर. तिथे त्याला मोसमात पहिल्यापेक्षा १४४ टर्न कमी मिळतात, जे योग्यच आहे, आणि तो पोहोचला की त्याच्या मागे थेट ओहतानी येतो. त्याला एवढंच सांगा, की ओहतानी बॅटिंगला असताना चोरी करायची तर पक्की खात्री असेल तेव्हाच. दुसरा बेस चोरला की पहिला रिकामा होतो, आणि मग ओहतानीला मुद्दाम वॉक द्यायला प्रतिस्पर्ध्याला फारसा विचार करावा लागत नाही.