११ महिन्यांचा भाडेकरार नुसता नोटरी केला तर चालतो का?

नाही चालत. निदान महाराष्ट्रात तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की चिंचवडचा वन बीएचके भाड्याने द्यायचा आहे, एजंट पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून द्यायला तयार आहे, आणि "११ महिन्यांचा असला की रजिस्टर करायची गरज नाही" असं तो छातीठोकपणे सांगतो. वर सासऱ्यांनी घाबरवलंय की भाडेकरू बारा वर्षं राहिला तर घर त्याचंच होतं. मी वकील नाही. नाशिकला आईच्या नावावर फ्लॅट आहे, तो भाड्याने द्यायची सगळी उस्तवार मी करतो आणि तुमचा एजंट सांगतोय तीच चूक एकदा करून बसलोय, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

११ महिन्यांचं खूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलंय. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. म्हणून लोक एक महिना कापून मोकळे होतात. आपल्याकडे ही पळवाट ३१ मार्च २००० लाच बुजली, कारण त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, आपण ज्याला सरसकट भाडेकरार म्हणतो तो) लेखीच हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग मुदत ११ महिने असो नाहीतर दोन. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कैद झालेला घरमालक मी अजून पाहिलेला नाही. खरी मेख त्याच कलमात पुढे आहे: नोंदवलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरायचं, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

आमचं नेमकं हेच झालं. २०१५ ची गोष्ट. भाडं नऊ हजार, डिपॉझिट तीस हजार रोख, करार नोटरीचा. पहिलं वर्ष माणूस एक तारखेला भाडं देत होता, दिवाळीला आईला फराळाचा डबासुद्धा. दुसऱ्या वर्षी चार महिने भाडं थकलं. मागायला गेलो तर म्हणाला, "आपलं सात हजारच ठरलं होतं, आणि डिपॉझिट मी साठ दिलंय काका, वरचे तीस तुमच्या वडिलांच्या हातात दिले होते." वडील तोवर गेलेले. वकिलाकडे कागद नेला. त्यांनी तो उलटा करून मागचा नोटरीचा लाल गोल शिक्का पाहिला, परत सुलटा केला आणि एवढंच विचारलं, "रजिस्टर कुठाय?" शेवटी चार महिन्यांचं भाडं सोडलं, वर तीस हजार हातावर ठेवले, तेव्हा किल्ली मिळाली. हजारभर रुपये वाचवायला गेलो होतो.

आता खर्चाचं बघा. मुद्रांक शुल्क पाव टक्का: पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी येणारी रक्कम, या बेरजेवर. समजा भाडं १५ हजार, डिपॉझिट ५० हजार. ११ महिन्यांचं शुल्क होतं सव्वाचारशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी १,००० (ग्रामीण भागात ५००). दरवर्षी नवा करार केलात तर तीन खेपांचे चार हजारांच्या वर जातात. तोच करार एकदम ३६ महिन्यांचा केला तर शुल्क चौदाशेच्या आत आणि फी एकदाच हजार. भाडेकरू टिकणारा वाटत असेल तर हेच परवडतं. दरवर्षीची पाच-दहा टक्के वाढ आणि एक महिन्याची नोटीस आतच लिहून टाका. ६० महिन्यांच्या पुढे मात्र जाऊ नका, तिथून भाडेपट्ट्याचे दर लागतात. एजंटची मजुरी वेगळी, ती घासाघीस करून ठरवा.

करार नोंदवायला दुय्यम निबंधकाकडे (रजिस्ट्रार ऑफिसात) हेलपाटे मारायची गरज उरलेली नाही. माणूस लॅपटॉप, वेबकॅम आणि थंब मशीन घेऊन घरी येतो. आईच्या वेळी तिचा अंगठाच उमटेना. आयुष्यभर भांडी-धुणी केलेली बोटं, आधारशी काही केल्या जुळेनात. गरम पाण्यात बोटं बुडवून झाली, व्हॅसलिन लावून झालं, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काम केलं. फोटोसाठी पदर सारखा करायला मात्र तिने पाच मिनिटं घेतली. दोन-तीन दिवसांत दस्त क्रमांक पडलेला करार आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) मेलवर आला.

भाडेकरू मुदत संपूनही हलला नाही तर? इथेच तो नोंदवलेला कागद कामाला येतो. राहायला दिलेल्या घरासाठी कलम २४ आहे. दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी करारात लिहिलेल्या गोष्टी तिथे निर्णायक पुरावा मानतात, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. आता जे लोक टॅक्स वाचवायला करारात भाडं कमी दाखवतात त्यांनी विचार करावा, की दुप्पट मिळेल तेही त्या कमी आकड्याचंच. डिपॉझिटही बँकेतूनच घ्या आणि व्यवहाराचा नंबर करारात घाला. आणि संतापून कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं असले उद्योग करू नका. पोलीस ठाण्यात मग आपणच उभे राहतो. (दुकानाच्या गाळ्याला कलम २४ लागू नाही, तो विषय निराळा.)

सासऱ्यांना दोष देऊ नका. त्यांच्या पिढीने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिलीय. १९७३ मध्ये जुन्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणारे लोक एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले, म्हणजे मुदत संपली म्हणून त्यांना काढता येईना. तेव्हापासून कित्येकांनी फ्लॅट कुलूप लावून ठेवले, पण भाड्याने दिले नाहीत. ती तरतूद त्या तारखेपुरती होती. बारा वर्षांचा नियम मालकाला न जुमानता कब्जा करून बसलेल्यांसाठी आहे. तुमच्या परवानगीने, करार करून राहणाऱ्याला तो लागत नाही.

सोसायटी 'एनओसी'साठी पैसे मागेल. आदर्श उपविधींप्रमाणे परवानगी लागत नाही, आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, त्यावर एक रुपयाही नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते. ती स्वतः भरा, दहा मिनिटांचं काम आहे आणि एजंट त्याचेही पाचशे लावतो.

तुमच्या एजंटने तरीही "इथे सगळे नोटरीच करतात" म्हटलं, तर करार नोंदवून मिळेपर्यंत किल्ली तुमच्याकडेच ठेवा. दलाली किल्ली दिल्यावर मिळणार असेल तर थंब मशीन दुसऱ्याच दिवशी दारात येतं, असा माझा अनुभव आहे.