वर्षभराचं इन्सुलिन भरून ठेवण्यासाठी एफडी मोडावी का?

कोपरखैरणेहून एका ताईंनी लिहिलं आहे: "सासूबाई 68 वर्षांच्या. 14 वर्षं इन्सुलिनवर आहेत, सकाळी 22 आणि रात्री 14 युनिट, पेनमधून. गेले दोन महिने त्यांच्या पेनमध्ये बसणारी इन्सुलिनची कार्ट्रिज मिळत नाहीत. तीन टाकीपासून वाशीच्या सेक्टर 17 पर्यंत सगळी मेडिकल पालथी घातली. आता ओळखीतून मुंबईच्या दवा बाजारातला एक जण 48 कार्ट्रिज एकदम द्यायला तयार आहे, 540 रुपयांना एक, म्हणजे छापील किमतीपेक्षा शंभराने जास्त. पैसे रोख, बिल नाही. कार्ट्रिजचे 26 हजार, साखर तपासायच्या पट्ट्यांचे 15, सुयांचे 4 आणि वेगळ्या छोट्या फ्रिजचे 12, असे 57 हजार होतात. मुलीच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी दीड लाखाची एफडी आहे, दोन वर्षांची, 7 टक्क्यांची. ती जूनमध्ये पुरी होते. मोडावी का? बोनसचे 20 हजार बाजूला आहेत, पण ते गावच्या घराची कौलं परतण्यासाठी. सासूबाईंचा आरोग्य विमा नाही. त्या म्हणतात, माझ्यासाठी पोरीचे पैसे मोडू नका. परवा कळलं की साठा पुरवायचा म्हणून त्या रात्री 14 च्या ऐवजी 10 च घेतायत."

ताई, सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करते. हे वाचून झाल्यावर एफडीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना फोन करा. सासूबाई डोस कमी घेतायत हे त्यांना आजच कळायला हवं. माणूस असा मनाने डोस कमी करतो तेव्हा घरात कोणी काही बोलत नाही, साखर मात्र चढत राहते, आणि पुढे ॲडमिट करायची वेळ आली तर दीड लाखाची एफडी चार दिवसांत संपते. विमा नाही, त्यामुळे ही एफडी मुलीच्या फीची आहे तशी घराच्या अडीअडचणीचीही आहे. तिला हात लावायला मी कचरते त्याचं पहिलं कारण हेच.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. माझं उत्तर: एफडी मोडू नका, आणि वर्षभराचा साठाही करू नका.

तुम्ही जे शोधताय त्याच्या टंचाईमागे काय आहे ते आधी बघू. 2025 मध्ये नोवो नॉर्डिस्क या औषध कंपनीने जाहीर केलं की ह्यूमन मिक्सटार्डसारखं त्यांचं जुनं इन्सुलिन पेन आणि कार्ट्रिजच्या रूपात भारतात टप्प्याटप्प्याने बंद होईल आणि कुपीत मिळत राहील. सासूबाईंचं इन्सुलिन याच जातीचं असेल, आणि तुमच्या वर्णनावरून मला तसंच वाटतं, तर तुटवडा त्या विशिष्ट कार्ट्रिजचा आहे. 30/70 चं मिश्रण, म्हणजे 30 टक्के लवकर आणि 70 टक्के सावकाश काम करणारं इन्सुलिन, संपलेलं नाही. ते कुपीत आहे, इन्सुजेन, वोसुलिन अशा इतर कंपन्यांच्या नावांनीही आहे. म्हणजे ही टंचाई महिनाभराने सुटेल अशी नाही, आणि वर्षभराच्या साठ्यानेही सुटणार नाही. वर्षाने तुम्ही पुन्हा याच जागी उभ्या असाल, फक्त 57 हजार गेलेले असतील. डॉक्टरांना बदल करून द्यावाच लागणार आहे. आणि बदल झाला की उरलेली कार्ट्रिज कोणी परत घेत नाही, फ्रिजमधलं औषध केमिस्ट माघारी घेतच नाहीत. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दुसरं इन्सुलिन लिहून दिलं तर 36 कार्ट्रिज, म्हणजे साडेएकोणीस हजार रुपये, तुमच्या फ्रिजच्या दारात पडून राहतील.

साठ्याबद्दल मी इतकं ठासून लिहिते त्याला कारण आहे. माझे बाबाही इन्सुलिनवर होते. 2020 च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनच्या भीतीने, मी नौपाड्यातून त्यांच्यासाठी सहा महिन्यांचं एकदम आणलं आणि फ्रिजमध्ये मागे, बर्फाच्या कप्प्याखाली रचून ठेवलं. बाबांनी एकदा कार्ट्रिज तळहातांवर घोळवली, नेहमीसारखी, आणि ती मला दाखवली. दूध पातळ केल्यासारखं दिसायला हवं होतं, त्याऐवजी काचेला मीठ चिकटावं तसे पांढरे कण होते. गोठून गेलं होतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. मागच्या रांगेतलं सगळं फेकलं. त्याच वर्षी 12 ऑक्टोबरला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज तासन्‌तास गेली तेव्हा मी पुन्हा घाबरले होते, पण काही तासांनी इन्सुलिनचं काही बिघडत नाही. ते 2 ते 8 अंशांत ठेवायचं, आणि घरच्या फ्रिजमध्ये उकाड्याइतकीच गोठण्याचीही धास्ती असते. तुम्ही म्हणता त्या छोट्या फ्रिजमध्ये तर बर्फाचा कप्पा आणि बाकीची जागा यांत हातभराचंही अंतर नसतं. ते 12 हजार सरळ खोडून टाका.

मग किती ठेवायचं? हिशोब सोपा आहे. रोजचे 36 युनिट, आणि दर वेळी सुई तपासायला 2 सोडतात ते धरून 40. महिन्याला 1,200. एका कार्ट्रिजमध्ये 300 युनिट, म्हणजे महिन्याला चार. दोन महिन्यांची आठ हाताशी असली की पुरे. चार उरली की पुढची चार आणायची. कुपीवर गेलात तर एका कुपीत 400 युनिट, महिन्याला तीन कुप्या, आणि युनिटमागे खर्च कार्ट्रिजपेक्षा कमी येतो. सेक्टर 17 पर्यंत जाताच आहात तर वाशीच्या महापालिका रुग्णालयातही कुपीची चौकशी करा.

पण इथे पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांनी वाचावी. आपल्याकडच्या नेहमीच्या कुपीत एका मिलीलीटरला 40 युनिट असतात, कार्ट्रिजमध्ये 100. कुपीसाठी 40 ची सिरिंज लागते, तिचं टोपण लाल. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 ची. लाल टोपणाच्या सिरिंजने कुणी कार्ट्रिजमधून 22 च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात 55 युनिट जातात. पेन सापडत नाही, कार्ट्रिज आहे, घरात सिरिंज आहे, अशा घाईत हे घडतं. कुपी सुरू कराल त्या दिवशी उरलेली कार्ट्रिज वेगळ्या डब्यात ठेवा, आणि पहिलं इंजेक्शन डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या समोर भरा. दुसऱ्या कंपनीची कार्ट्रिज लिहून दिली तर त्याच कंपनीचं पेनही मागा, एकीची दुसरीच्या पेनमध्ये बसत नाहीत.

दवा बाजारातल्या माणसाला नकार द्या. छापील किमतीहून जास्त घेणं हा गुन्हा आहे, ते तर आहेच. मला जास्त टोचतं ते बिल नसणं. बिलाशिवायच्या इन्सुलिनचा बॅच नंबर कुठे नोंदलेला नाही, ते गोदामात कुठल्या तपमानात होतं हे सांगणारं कोणी नाही, आणि बिघडलेलं निघालं तर तुम्ही कोणाकडे जाणार? पट्ट्यांवरही छापील किंमत आणि मुदत बघा: 22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या भावाचा माल गळ्यात पडायला नको. औषध मिळत नाही किंवा कोणी जास्त पैसे मागतोय, तर केंद्राच्या फार्मा जन समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. सासूबाईंसाठी नोंदवाच.

बिलाचं आणखी एक महत्त्व तुमच्या खिशाशी थेट जोडलेलं आहे. तुमचे मिस्टर जुन्या करप्रणालीत असतील तर आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ आईच्या औषधोपचाराच्या खर्चावर त्यांना वर्षाला 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. अट अशी की खर्च रोखीने केलेला नसावा. आणि पैसे त्यांच्याच खात्यातून जायला हवेत, कारण मुलाला आईसाठी ही वजावट मिळते, सुनेला सासूसाठी नाही. तुमच्या पत्रावरून दिसतं की औषधं तुम्हीच आणता. यापुढे यूपीआय मिस्टरांच्या खात्यातून करा. वर्षाचा खर्च 40 हजार धरला तर 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 8,300 रुपयांच्या आसपास कर वाचतो. रोखीच्या सौद्यात हे जातात, आणि वर कार्ट्रिजमागचे शंभर, म्हणजे 4,800. ते नवीन प्रणालीत असतील तर ही वजावट नाही. मार्चआधी दोन्ही प्रणालींत कर किती येतो ते एकदा मांडून बघा.

एफडीचं गणितही सांगते. जूनला सात महिने उरलेत, म्हणजे 17 महिने झालेत. आत्ता मोडली तर बँक पूर्ण झालेल्या काळाचा दर लावते आणि वर साधारण एक टक्का दंड कापते. हातात 5.6 टक्के पडले असं धरलं तर आजवरच्या व्याजातले तीन हजारांच्या आसपास जातील. रक्कम प्रचंड नाही. इलाजच नसता तर मी म्हटलं असतं, मोडा. पण तुम्हाला गरज 57 हजारांची नाहीच. दोन महिन्यांचं इन्सुलिन, पट्ट्या आणि सुया बिलासकट सात हजारांत बसतात. ते बोनसमधून घ्या. कौलं परतायचं काम मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर असतं. तोपर्यंत महिन्याला 3,500 वेगळ्या बचत खात्यात टाकत चला आणि औषधं त्यातूनच घ्या. बोनसमधून काढलेले सात हजार मेआधी भरून निघतील का हे तुमच्या घरखर्चावर आहे, नाही भरले तर गावी एक पाख या वर्षी, दुसरं पुढच्या वर्षी. काही अडलंच, म्हणजे डॉक्टरांनी महागडं इन्सुलिन सुचवलं, तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उसने पैसे. दर साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के वर असतो. 15 हजार 9 टक्क्यांनी सात महिने वापरले तरी व्याज आठशेच्या आत, आणि मुलीची एफडी जूनमध्ये जशीच्या तशी हातात. क्रेडिट कार्डावर मात्र हा खर्च थकवू नका, तिथे महिन्यालाच तीन-साडेतीन टक्के लागतात.

विम्याचं थोडक्यात. या वयात, जुन्या मधुमेहासह नवी पॉलिसी महाग पडेल आणि आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. पण दोन वर्षांनी सासूबाई 70 च्या होतील. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधार कार्डावरची जन्मतारीख बरोबर आहे ना ते आत्ताच बघा, तिथे बऱ्याच जणांचं अडतं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या. रात्रीचा डोस किती दिवस कमी घेतला ते त्यांच्याच तोंडून यायला हवं, सून सांगायला लागली की त्या "तसं काही नाही" म्हणतील. आणि निघण्यापूर्वी त्यांच्याशेजारी बसून एवढं सांगा की पोरीचे पैसे मोडत नाही आहोत, रात्री 14 च घ्या.