फॉन्ट टाकला, पण यादीत दिसेना

प्रश्न: आमच्या गणेश मंडळाची स्मरणिका मी घरीच उबुंटूवर लावतोय. फॉन्ट नीट कॉपी केलेत, पण टर्मिनलवर एक्सएलएसफॉन्ट्स मारलं की 'मिस्क-फिक्स्ड' वगैरे हायफनच हायफनवाली लांबलचक नावं येतात आणि माझा एकही मराठी फॉन्ट त्यात नाही. काय चुकलं?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो, चुकलं काहीच नाही, फक्त विचारलं चुकीच्या माणसाला! एक्सएलएसफॉन्ट्स ही जुन्या काळची कमांड, ती स्क्रीन सांभाळणाऱ्या एक्स सर्व्हरला विचारते की बाबा तुझ्याकडे कुठले फॉन्ट आहेत, आणि तो आपली जुनी यादी वाचून दाखवतो, ते एकेक नाव चौदा तुकड्यांचं. पण लिब्रेऑफिससारखे आताचे प्रोग्रॅम त्याला विचारतच नाहीत, ते फॉन्टकॉन्फिगकडून, म्हणजे प्रोग्रॅमना फॉन्ट शोधून देणाऱ्या यंत्रणेकडून, फॉन्ट घेतात. तुम्हीही तिथेच विचारा: एफसी, हायफन, लिस्ट, सगळं स्मॉलमध्ये आणि सलग. नुसती नावं हवी असतील तर पुढे स्पेस, कोलन, स्पेस, फॅमिली. फक्त मराठीचे हवे असतील तर त्याऐवजी स्पेस देऊन कोलन, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर (म्हणजे मराठी), हे सलग. लोहित किंवा नोटो सॅन्स देवनागरी असेल तर लगेच दिसेल.

फाइली होम फोल्डरमधल्या डॉट लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स, इथे ठेवा (डॉटवाला फोल्डर लपलेला असतो, कंट्रोल एच दाबा). मग एकदा एफसी-कॅश ही कमांड चालवा, म्हणजे फॉन्टकॉन्फिगची यादी ताजी होईल.

एवढं करूनही मराठीच्या यादीत नाव नाही आलं, तर मला दाट शंका आहे की तुम्ही कृतीदेव टाकलाय, आपल्याकडे हिंदी टायपिंगवाल्यांकडून तोच मिळतो ना! तो युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी पद्धत) नाही, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेत, डी दाबला की क उमटतो. म्हणजे तुम्हाला दिसतं मराठी, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच, मग एमआर म्हटल्यावर तो कशाला पुढे येईल? भाषा न लावता पूर्ण यादी काढा, त्यात सापडेल.

स्मरणिकेचे जुने लेख त्यात असतील तर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या, पण प्रेसला द्यायच्या आधी कुणाला तरी वाचायला बसवा, पोहे-जलेबी खायला घाला हवं तर, कारण कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हमखास घोळ घालतात आणि देणगीदारांची आडनावं चुकली की वर्षभर ऐकावं लागतं.