फ्लोमधून टाइपस्क्रिप्टवर गेल्यावर काही मोडलं नाही हे स्क्रिप्टने कसं तपासायचं?

तुमच्या ८०० फायली कोडमॉडने (कोड आपोआप बदलणारी स्क्रिप्ट) फ्लोमधून टाइपस्क्रिप्ट झाल्या (दोन्ही जावास्क्रिप्टला टाइप्स जोडणारी साधनं), टाइपचेक हिरवा आहे म्हणजे एरर नाही, आणि आता एकेक फाइल डोळ्याने न बघता खात्री कशी करायची असं विचारताय. त्या हिरव्यावर जाऊ नका, आमचंही हिरवंच होतं.

हिंजवडीत होतो तेव्हाची गोष्ट. दुपारी आमचा असाच बदल मुख्य कोडमध्ये मर्ज केला, आणि संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली बस रखडलेली असताना फोन आला की डॅशबोर्डवर एक चार्ट येतच नाहीये. टेस्ट सगळ्या पास, एरर शून्य! रात्री घरी बसून शोधलं तर निघालं काय, एका फाइलमधून एक क्लास इम्पोर्ट होत होता पण वापरलेला फक्त टाइप म्हणून, आणि त्या फाइलचं खरं काम लोड होताना चार्ट रजिस्टर करणं हे होतं. फ्लोच्या टाइप्स काढताना बेबल (कोडचं साधं जावास्क्रिप्ट करणारं टूल) फक्त 'इम्पोर्ट टाइप' वाली ओळ उडवतं, साध्या इम्पोर्टला हात लावत नाही. टाइपस्क्रिप्ट मात्र डीफॉल्टला बघतं की हे नाव टाइपपुरतंच आहे, आणि अख्खी ओळच गाळतं. टेस्टमध्ये ती फाइल थेट इम्पोर्ट केलेली, त्यामुळे तिथे कळणार कसं.

तेव्हापासून मी एकच करतो, दोन्हीकडची साल, म्हणजे टाइप्स, काढून आतलं जावास्क्रिप्ट ताडून बघतो. मेन ब्रँचवरची जुनी फाइल बेबलच्या फ्लो प्रीसेटमधून (तयार सेटिंगचा संच) काढायची, नवी टाइपस्क्रिप्ट प्रीसेटमधून, कॉमेंट्स टाकून द्यायच्या, दोन्ही प्रेटियरमधून (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) फिरवायच्या म्हणजे कंस आणि स्पेसचा कचरा दिसत नाही, आणि मग डिफ, म्हणजे दोन्हीतला फरक काढायचा. डिफ रिकामा आला की ती फाइल सुटली, नाही आला तर सीआय (बदल आला की आपोआप चालणारी तपासणी) लाल. बाकी बेबलची सेटिंग दोन्हीकडे अगदी सारखी ठेवा, नाहीतर क्लास फील्ड्सवरून उगाच गोंधळ होतो. इम्पोर्टचा तो घोळ या डिफमध्ये लगेच दिसतो. आणि टाइपस्क्रिप्ट ५.० पासून (२०२३) 'व्हर्बेटिम मॉड्यूल सिंटॅक्स' नावाचा पर्याय आहे, तो चालू केला की लिहिलेला साधा इम्पोर्ट तसाच राहतो.

पण टाइप्सच चुकल्या असतील तर हा डिफ गप्प बसणार, कारण त्या तर आपणच सोलून टाकल्या. फ्लोमध्ये टाइपच्या आधी प्रश्नचिन्ह म्हणजे नल पण आणि अनडिफाइन्ड पण, कोडमॉडने त्यातलं एकच ठेवलं नाही ना ते ग्रेपने (मजकूर शोधायची कमांड) शोधा. टाइपस्क्रिप्टची 'स्ट्रिक्ट नल चेक्स' ही सेटिंग बंद असेल तर टाइपचेक काही बोलणारच नाही, आणि 'शून्य एरर' म्हणून लोक पेढे वाटतात.

'एनी' (काहीही चालेल असा टाइप) किती आणि दाबलेले एरर किती, हे आकडे एका फाइलमध्ये लिहून ठेवा, वाढले की बिल्ड पाडायचं. दाबायचंच असेल तर 'टीएस इग्नोर' ही कॉमेंट नको, 'टीएस एक्स्पेक्ट एरर' वापरा (३.९ पासून आहे), मूळ एरर गेला की ते स्वतःच ओरडतं.

फ्लोमधल्या एक्झॅक्ट ऑब्जेक्टचं (ज्यात जादाची प्रॉपर्टी चालत नाही) मात्र स्क्रिप्टने काही होत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये तसा प्रकारच नाही, जादाची प्रॉपर्टी ते जागच्या जागी लिहिलेल्या ऑब्जेक्टमध्ये पकडतं, व्हेरिएबलमधून पाठवली की बिनधास्त जाऊ देतं. आम्ही एपीआयला डेटा पाठवणाऱ्या फायली तेवढ्या हाताने बघितल्या, दोघांचे दोन दिवस गेले.