छोटं विमान उड्डाणाच्या वेळीच आडव्या वाऱ्यात का कलंडतं?

उत्तर द्यायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे: "वाऱ्यानंच उलथवलं तर पायलट बिचारा काय करणार?" बरंच काही करू शकतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाच्या कुंपणाबाहेरून विमानं बघणारा असं बोलला तर चालतं, उडवणारेही तेच बोलतात तेव्हा डोकं फिरतं.

सेस्ना १७२ हे छोटं विमान धरा. धाव सुरू होताना वाऱ्याच्या बाजूला योक (हातातलं स्टिअरिंग) पूर्ण वळवलेला हवा आणि नाक रडरनं (शेपटीवरचा, पायानं फिरणारा पडदा) सरळ. वेग वाढेल तसा योक सैल करायचा, पण पार सरळ करायचा नाही. नेमकं इथंच चुकतं. हात सवयीनं मधे येतो आणि वाऱ्याकडचा पंख वर उचलला जातो. वारा डावीकडून असेल तर ताप दुप्पट: फुल थ्रॉटलला, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात असताना, प्रोपेलरमुळे नाक आधीच डावीकडे ओढतं, त्यात शेपटीवर वारा बसून आणखी तिकडंच वळतं. उजवा पाय आळशी असेल तर विमान थेट गवतात.

दुसरा प्रकार गस्टचा, म्हणजे वाऱ्याच्या अचानक झोताचा. विमानाचा वेग पन्नास नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) आसपास असताना झोत येतो, चाकं हलकी होतात, पायलट घाबरून योक ओढतो. विमान उचलतं, झोत ओसरतो, लिफ्ट (पंखांची उचल) जाते आणि ते आडवं सरकत खाली येतं. चाकांवर बाजूनं दणका, मग पंखाचं टोक जमिनीला, मग प्रोपेलर. म्हणून अशा दिवशी नेहमीच्या ५५ नॉटला न उचलता नाकाचं चाक हलकं दाबून पाचेक नॉट जास्त घ्यायचे, एकदाच ठामपणे उचलायचं आणि लगेच नाक वाऱ्याकडं थोडं वळवायचं. धाव सोडायची झाली तर थ्रॉटल बंद करा, पण योक वाऱ्याकडंच ठेवा. वेग उतरेल तसा उलट जास्त लागतो.

आता सेस्नाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्यासाठी दिलेला १५ नॉटचा आकडा. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याशी यावरून आजही पटत नाही. समजा रनवे २५ (म्हणजे दिशा २५० अंश), वारा १९० अंशांवरून १४ नॉट, गस्ट २२. कोन ६० अंशांचा, म्हणजे आडवा भाग काढायला ०.८७ नं गुणा. हे महाशय १४ धरतात, उत्तर १२ येतं, "पुस्तकात बसतंय की!" २२ धरा, १९ येतात. चाकं सुटायच्या क्षणी वारा सरासरी बघून येतो काय? आणि ते १५ म्हणजे कंपनीच्या कसलेल्या पायलटनं चाचणीत करून दाखवलेला आकडा. जेमतेम शंभर तास उडवलेल्यानं तो स्वतःचा समजू नये.

पावसाळ्यात इथं वारा बहुतेक पश्चिमेकडून, रनवेच्या अंगानंच येतो. त्रास एप्रिल-मेच्या वळवाचा: दुपारनंतर ढग फुगले की वारा कुठूनही फिरतो. धूळ उठलेली दिसली की इंजिन बंद करून चहा घ्यावा. बहुतेक वेळा तासाभरात निवळतं. सहकाऱ्याला यात भित्रेपणा दिसतो, दिसू दे.

हो, हे सगळं नाकाखाली चाक असलेल्या विमानाचं. शेपटीखाली चाक असेल तर वजन मुख्य चाकांच्या मागं पडतं, वळायला लागलं की स्वतःहून आणखी वळतं. तिथं वर दिलेले पाच नॉट आणि नाक दाबणं तसंच लावू नका, त्या विमानाचं मॅन्युअल बघा.