हाताने चालते, मग सर्व्हिस का उठत नाही?

प्रश्न : नारायण पेठेत आमचा छापखाना आहे. ऑर्डरी नोंदवणारी पायथॉनची फाइल उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हिस म्हणून, म्हणजे मागे आपोआप, चालते. मध्यंतरी दर बदलायला ती घरच्या विंडोज लॅपटॉपवर उघडली होती. त्यानंतरही दोन आठवडे काही बिघडलं नाही. गुरुवारी लाईट गेली, सर्व्हर परत चालू झाला, पण सर्व्हिस उठेना. स्टेटसमध्ये 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' दिसतं. 'पायथॉन३' लिहून हाताने चालवली की मात्र चालते.

उत्तर : त्या ओळीत कारण नाही. १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं, आता थांबतो, एवढंच सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम, सांगतंय. नोंदी दाखवणारा 'जर्नलसीटीएल -यू' हा आदेश, पुढे सर्व्हिसचं नाव आणि '-बी' (फक्त या बूटच्या नोंदी) एवढं देऊन अगदी पहिलं अपयश वाचा. तिथे '२०३/एक्झेक' (प्रोग्रॅम सुरूच करता आला नाही) आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असेल, तर तुमची फाइल हरवलेली नाही. हरवलाय तो तुमच्या फाइलच्या पहिल्या ओळीतला पायथॉनचा पत्ता. विंडोजवरचे काही एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं 'सीआर' चिन्ह ठेवतात. ते पत्त्याला चिकटलं की लिनक्स त्या विचित्र नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतं. हाताने चालवताना पायथॉनचं नाव तुम्हीच देता, म्हणून ती ओळ वाचलीच जात नाही.

दोन आठवडे चालली, कारण मेमरीत जुनीच प्रत होती. लाईटला उगाच दोष.

'फाइल' हा आदेश देऊन पाहा. उत्तरात 'सीआरएलएफ' आलं तर ती चिन्हं काढणारं 'डॉसटूयुनिक्स' चालवा. मग 'सिस्टिमसीटीएल रीसेट-फेल्ड' आणि 'स्टार्ट'. एवढ्यावर 'परमिशन डिनाइड' आलंच, तर हाताने चालवताना तुम्ही रूट (सर्व अधिकार असलेला युजर) होता का आठवा. तेव्हा तयार झालेल्या लॉग फाइलची मालकी रूटकडे गेलेली असते. मालकी बदलणाऱ्या 'सीएचओन'ने ती सर्व्हिसच्या युजरला द्या. इथून पुढे फाइल बदलली की तिथल्या तिथे 'रीस्टार्ट' करून पाहायचं.

प्रश्न : अपाची असलेल्या सर्व्हरवर एनजिनएक्स टाकलं (दोन्ही वेबसाइट पुरवणारे प्रोग्रॅम). 'एनजिनएक्स -टी' सगळं ठीक म्हणतं, पण सुरू होत नाही.

उत्तर : '-टी' कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, तपासतं; पोर्ट (नेटवर्कवरचा दरवाजा क्रमांक) दुसऱ्याने अडवलेलं असलं तरी पास करतं. 'सुडो एसएस -एलटीएनपी' दिलंत की ८० नंबरवर कोण बसलंय ते नावानिशी दिसेल, बहुधा अपाचीच. ते नको असेल तर 'सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ' वापरा. नुसत्या 'स्टॉप'ने पुढच्या बूटला ते पुन्हा हजर.